काळी नदी पक्षी दर्शन योजना, आवृत्ती अकरावी

पोटच्या पोरानं आईला पाखरांपुढं कमी लेखू नये, ही जगाची रीत आहे. ती कुठल्या पोथीत लिहिलेली नाही, कारण असा प्रसंग कुणावर येईल असं पोथ्या लिहिणाऱ्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी चाकणचा औद्योगिक पट्टा पाहिलेला नव्हता, आणि ठकुबाईचा रविराजही.

ठकुबाईची तक्रार तशी लहान होती. जुलै महिन्यात रविराजनं दुर्बीण आणली आणि तेव्हापासून ती त्याच्या गळ्यातून निघाली नाही. तो दुर्बीण घालून जेवायचा, दुर्बीण घालून दाढी करायचा. (एकदा तिची एक काच आमटीत बुडाली, तेव्हा त्यानं आधी वेळ लिहून घेतली आणि मग ती पुसली.) आई समोर बसलेली असताना तो तिच्या डोक्यावरून पलीकडच्या विजेच्या तारेवर बघायचा, आणि तारेवर कावळा असला तर वहीत 'कावळा, एक' असं लिहायचा.

"मला डेंग्यू झाला व्हता तवा बी ह्यानं येवढं निरखून बघितलं न्हाई," ठकुबाई शेजारच्या सुमनताईला म्हणाली. "उंबऱ्यातनंच इचारायचा, आई बरं हाय का. आन् आता कावळ्याकडं असा बघतोय, जशी सोयरीकच जमवायची हाय."

कुरुळीत ठकुबाईचा शब्द चालतो. शाळा तिसरीपर्यंत. तिसरीचं पुस्तक निम्मं झालं होतं आणि माहेरची ज्वारी हुरड्यावर आली, म्हणून बापानं पाटी काढून घेतली आणि हातात गोफण दिली. त्यानंतरची सहा वर्षं तिनं शेतातल्या माळ्यावर उभं राहून पाखरं हाकली. म्हणजे घरात पक्ष्यांचा सर्वांत दांडगा अनुभव तिचाच होता, पण तो उलट्या दिशेचा असल्यामुळे पुढे कुठल्याही कागदात धरण्यात आला नाही. सासरच्या जमिनीत आता ज्वारी होत नाही. तिथं नऊ भाड्याच्या खोल्या उभ्या आहेत आणि त्यांत कंपन्यांमधली सव्वीस माणसं राहतात. त्या नऊ खोल्या, पाण्याची टाकी, दूधवाला आणि नवरा कोंडीराम हे सगळं ठकुबाईच्या आवाजावर चालतं. विजेचा त्यात फार थोडा भाग आहे.

रविराज मोटारीच्या दाराची रबरं बनवणाऱ्या कंपनीत गुणवत्ता विभागाचा सुपरवायझर आहे. तिथं एक रबर तपासायला चार माणसं आणि सहा तक्ते लागतात. हे योग्यच आहे. रबर वाईट निघालं तर मोटारीत पाणी येईल, पण तक्ता वाईट निघाला तर थेट सुपरवायझरच्या नावावर येतं. अशा शिस्तीत पंधरा वर्षं मुरलेल्या माणसानं बायको-पोरीला घेऊन नदीवर पक्षी बघायला जायचं मनात आणलं, तर तो पिशवी उचलून निघेल अशी अपेक्षा करणं हा त्याच्या पदाचा अपमान आहे. रविराज निघाला नाही. त्यानं पहिली बैठक बोलावली.

नदी ठरली दांडेलीची काळी नदी. कुरुळीपासून साडेचारशे किलोमीटर, दोन्ही काठांना गच्च झाडी, आणि त्या झाडीत वीतभर चोचीचा धनेश नावाचा पक्षी. (कुरुळीजवळून इंद्रायणी वाहते, पण ती घराजवळ असल्यामुळे तिला निसर्ग म्हणता येत नाही.)

नदी एका बैठकीत ठरली, तारखेला सहा बैठका लागल्या. घरात माणसं पाच आणि सुट्ट्या तीन तऱ्हेच्या. रविराजच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी. त्याची बायको दिपाली तळवड्याला संगणकाच्या कंपनीत, तिला शनिवार-रविवार. मुलगी सृष्टी अकरावीला, तिला रविवार, तोही क्लासमुळे अर्धाच. राहिले कोंडीराम आणि ठकुबाई. त्या दोघांना सुट्टी कधीच नव्हती, पण कारणं वेगळी होती. कोंडीरामला काम नव्हतं आणि ठकुबाईला उसंत.

रविराजनं वर्षाचा तक्ता मांडला. सगळ्यांची सुट्टी एकत्र येते असे दिवस दोन निघाले, धुळवड आणि लक्ष्मीपूजन. धुळवडीला रंगलेलं तोंड घेऊन पक्ष्यांसमोर जाणं बरं दिसत नाही, हे सर्वानुमते मान्य झालं. लक्ष्मीपूजनाबद्दल चहाचे कप गोळा करता करता ठकुबाई म्हणाली, "घराला कुलूप लावून जाशीला, तर लक्ष्मी काय सुमनच्या वट्ट्यावर बसून वाट बघंल व्हय?" इतिवृत्तात 'सूचना स्वीकारली' अशी नोंद झाली. कुणाची सूचना, ते लिहायला रकाना नव्हता. शेवटी डिसेंबरअखेरचा आठवडा धरला, कारण तेव्हा यंत्रांच्या दुरुस्तीसाठी कंपनी बंद असते.

मग पक्षी. रविराजला एक मोठा शोध लागला, की पक्षीसुद्धा शिफ्टमध्ये काम करतात. त्यानं त्यांची वर्गवारी केली, ती अशी:

फर्स्ट शिफ्ट: धनेश, हळद्या, बुलबुल. सहाच्या आत हजर. हजेरी चोख.

जनरल शिफ्ट: खंड्या. दिवसभर एकाच फांदीवर बसून असतो, क्वचित पाण्यात सूर मारतो, म्हणून त्याला स्टाफमध्ये धरलं.

सेकंड शिफ्ट: पोपट. येताना आणि सुटताना दंगा, मधल्या वेळेत कुठं असतात कळत नाही.

थर्ड शिफ्ट: घुबड, पिंगळा. डोळ्यांवरून ओळखावेत.

कंत्राटी: हिवाळ्यात बाहेरून येणारी बदकं. चार महिन्यांनी सोडून देण्यात येतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवीन म्हणून घेण्यात येतात.

हे सगळं इतकं पटण्यासारखं होतं, की दिपालीनं ते स्वतःच्या ऑफिसात दाखवलं. सुरक्षेचं प्रकरण त्याहून भक्कम होतं. प्रत्येकाला एक पिवळं-नारिंगी चमकणारं जाकीट (जंगलात आपण पक्ष्याला दिसलो नाही, तर धडक बसू शकते), पोलादी टोकाचे बूट, हेल्मेट आणि कानात घालायचे बोळे.

"पप्पा, कानात बोळे घातले तर पक्षी ऐकू कसे येणार?" सृष्टीनं विचारलं.

"योजनेचं नाव काय?"

"पक्षी दर्शन."

"श्रवण लिहिलंय कुठं? उगाच काम वाढवू नकोस."

सृष्टीनं शंका मागे घेतली आणि तशी सही केली.

सप्टेंबरात आवृत्ती चौथी निघाली. तिच्यात धोक्यांचा तक्ता होता. कंपनीत असले तक्ते सगळ्यांना दिसतील असे भिंतीवर लावतात, म्हणून रविराजनं तो फ्रीजवर लावला. ठकुबाईला तिसरीपुरतं वाचता येतं. दही काढायला गेली तेव्हा तिनं बोट ठेवून ठेवून वाचलं:

एक: आजी (आवाज). पंचवीसपैकी पंचवीस.
दोन: मगर. पंचवीसपैकी दहा.
तीन: साप. पंचवीसपैकी आठ.
चार: टायर पंक्चर.

आणि आजीपुढे उपाय लिहिला होता: 'घरी थांबून टाकी, खोल्या व सिलिंडर यांवर लक्ष ठेवणे.' खाली गाडीचा नकाशा होता. पाच जागा. चार माणसांच्या, पाचवी 'उपकरणे (दुर्बिणीची तिपाई)' हिची.

ठकुबाईनं दही काढलं, फ्रीज लावला आणि रविराजला जेवायला वाढलं. त्या दिवशी भाकरी जरा जाड झाली, एवढंच.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी योजनेच्या कुठल्याच आवृत्तीत नव्हती. ठकुबाईला जायचं होतं. तिनं आयुष्यात पाखरू बघितलं ते उडतानाच. बसलेलं दिसलं की गोफण फिरायची. न हाकलता पाखरू किती वेळ बसतं, आणि बसल्यावर काय करतं, एवढं तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. पण 'मला न्या' म्हणणं तिच्या माहेरी मागून खाण्यात धरत. कुणीतरी 'येतेस का' म्हणावं, आपण दहा वेळा नाही म्हणावं आणि अकराव्या वेळी गाडीत बसावं, ही तिची पद्धत. अकरा वेळा राहू द्या, तिला अजून कुणी एकदाही विचारलं नव्हतं. म्हणून ती सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणायची, "मला काय करायचंय पाखरं बघून? जन्मभर पाखरंच हाकली. आता काय त्यांच्या पाया पडाय जाऊ?"

दरम्यान सराव झाला. एका गुरुवारी सकाळी रविराज, दिपाली, सृष्टी आणि कोंडीराम नारिंगी जाकिटं, हेल्मेटं आणि बोळे घालून इंद्रायणीच्या काठी गेले. नदीवर फेस होता, त्यामुळे पाण्याची खोली 'लागू नाही' अशी लिहिली. अर्ध्या तासात तिथं गर्दी जमली. नदीकाठी शेत असलेले सोपानराव तर घरी जाऊन सातबारा घेऊन आले.

"मोजणी आली व्हय रं रविराज?" त्यांनी लांबूनच हाक मारली. "ह्या खेपेला कुठनं रस्ता काढताय? आदीच सांगा, मागच्या टायमाला गोठा गेला आमचा."

रविराजच्या कानात बोळे होते. तो हसून मान हलवत राहिला. सोपानरावांनी तो होकार धरला आणि दुपारपर्यंत चार घरांत रडारड झाली.

ठकुबाई चहाचा थर्मास घेऊन पन्नास पावलं मागं उभी होती. धोका म्हणून तेवढं अंतर ठरवून दिलं होतं. "ती बघ टिटवी. त्या लाल पायाच्या शेकाट्या. त्यो धोबी, शेपूट हालवतोय. बाभळीवर येडा राघू बसलाय," ती म्हणत गेली. कानातल्या बोळ्यांमुळे रविराजला यातलं काही ऐकू आलं नाही, म्हणून वहीत नोंद झाली: 'अनोळखी, सव्वीस.' पुढे तीही खोडली, कारण सरावात दिसलेला पक्षी हा दिसलेला पक्षी धरता येत नाही.

एवढं होऊनही आईला तोंडावर 'तू येऊ नकोस' म्हणायचा धीर रविराजला होत नव्हता. कंपनीतही कुणाला तोंडावर काही म्हणत नाहीत. त्याची एक परीक्षा घेतात आणि मग परीक्षाच त्याला म्हणते. म्हणून आवृत्ती सहावीत 'मौन चाचणी' आली. नदीकाठी पंचेचाळीस मिनिटं गप्प बसावं लागतं, तेवढं जो घरी बसून दाखवेल तोच पात्र. चाचणी सर्वांना सारखी. आक्षेपाला जागा नाही.

गुरुवारी सकाळी सात वाजता पाचही जण सतरंजीवर बसले. निकाल असा लागला:

रविराज: शून्य मिनिटं. ("सगळ्यांनी आता गप्प बसायचं," असं तो घड्याळ सुरू केल्यावर म्हणाला.)

दिपाली: चार मिनिटं. ऑफिसचा फोन. ऑफिसचा फोन हे बोलणं धरू नये, त्यात आपण काही बोलतच नाही, असा तिनं लेखी अर्ज दिला.

सृष्टी: अकरा मिनिटं. मोबाईलमध्ये बघून हसली.

कोंडीराम: एकोणीस मिनिटं. घोरला. घोरणं हे बोलणं आहे काय, यावर अर्धा तास चर्चा झाली, तीही त्याला ऐकू आली नाही.

ठकुबाई: मोजता आलं नाही.

मोजता आलं नाही, कारण पंचेचाळीस मिनिटांनी ती थांबली नाही. 'चाचणी संपली' असं कुणी कागदावर दिलं नव्हतं. ती उठली, भाकऱ्या थापल्या, भांडी घासली आणि तोंड मिटून राहिली. गुरुवार गेला. शुक्रवार गेला. रविवार संध्याकाळपर्यंत कुरुळीत ठकुबाईचा आवाज आला नाही, आणि या काळात काय काय झालं ते थोडक्यात नोंदवणं इष्ट आहे.

पाण्याची टाकी तीन वेळा वाहिली. दुधात शुक्रवारी एक वाटी पाणी आलं, शनिवारी दोन. रविवारी पाण्यात दूध आलं. भंगारवाला अंगणात शिरला, कुणी ओरडलं नाही म्हणून त्यानं चालू कूलर उचलून नेला. कोंडीराम दोन दिवस उपाशी राहिला, कारण 'बसा जेवायला' असं कुणी म्हटलं नाही आणि बेचाळीस वर्षांत तो त्याशिवाय बसलेला नव्हता.

पण खरं नुकसान पहाटेचं. रोज सव्वापाचला ठकुबाई अंगणात उभी राहून "उठा रं! कंपनीची बस काय तुमच्या मामाची हाय?" अशी एक हाक देते आणि नऊ खोल्यांतले दिवे लागतात. ती हाक आली नाही. शुक्रवारी फर्स्ट शिफ्टच्या अकरा माणसांची बस चुकली, शनिवारी चौदांची. त्यातली सात रविराजच्याच कंपनीची. शनिवारी तिथली लाईन चाळीस मिनिटं बंद पडली आणि साहेबांनी मूळ कारण शोधायचा हुकूम काढला. मूळ कारण शोधायची पद्धत ठरलेली आहे. पाच वेळा 'का' विचारायचं. विचारलं.

लाईन का थांबली? माणसं आली नाहीत. माणसं का आली नाहीत? बस चुकली. बस का चुकली? जाग आली नाही. जाग का आली नाही? हाक आली नाही. हाक का आली नाही? गुणवत्ता विभागाच्या सुपरवायझरची आई परीक्षा देत आहे.

रविराजला मेमो मिळाला. सुट्टीचा खाडा पडला तसा चेहरा करून तो घरी आला आणि आईसमोर उकिडवा बसला. "आई, बोल ना गं. झालं आता."

ठकुबाईनं फ्रीजवरच्या कागदांकडं बोट दाखवलं.

रविराजनं कागद घेतला, 'सदर उमेदवार मौन चाचणीत उत्तीर्ण' असं लिहिलं, सही केली, तारीख घातली. ठकुबाईनं ते बोट ठेवून वाचलं, घडी घालून कमरेला खोवलं आणि चार दिवसांतलं पहिलं वाक्य बोलली.

"आदी मोटार बंद कर जा, टाकी भरून वाहाय लागलीय."

घरात पात्र उमेदवार आता एकच होता. नियमाप्रमाणे एकट्या ठकुबाईलाच पाठवायला हवं होतं, पण नियम करणारा स्वतः नापास झाला की नियमात सवलत निघते, तशी निघाली. बाकीचे चौघं 'विशेष बाब' म्हणून पात्र झाले. तिपाई गाडीच्या टपावर गेली आणि ठकुबाईचं नाव परिशिष्ट 'क' मध्ये चढलं: 'ज्येष्ठ सदस्य, एक नग.' तिला कुणी 'येतेस का' म्हटलं नाही. तिला समाविष्ट करण्यात आलं. तरी तिनं पिशवी भरायला घेतली. दोन लुगडी, स्वेटर, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि सुमनताईकडून नवीन चष्म्याची दोरी.

नोव्हेंबरात कंपनीत सुधारणांची स्पर्धा असते. रविराजनं त्यात योजनेची आवृत्ती नववी ठेवली. चौसष्ट पानं, अकरा तक्ते. मूळ छप्पन्न तासांची सहल त्यानं एकतीस तासांवर आणून दाखवली होती आणि दर पक्ष्यामागे लागणारा वेळ नऊ मिनिटांवरून चारवर. पहिला नंबर आला. परीक्षकांनी भाषणात सांगितलं की अशी निर्दोष योजना आपण पाहिली नाही, हिच्यात आता फक्त एकच दोष उरला आहे, आणि तो म्हणजे प्रवास. प्रवासात काय होईल हे कुणाच्या हातात नसतं. एवढी चांगली योजना बाहेर नेऊन उगाच बिघडवू नये.

रविराजला हे पटलं. (कुणालाही पटेल.) शिवाय यंत्रं बंद असली तरी पंचवीस डिसेंबरला कंपनीत बाहेरचे पाहुणे येणार होते आणि त्यांना हीच योजना पडद्यावर दाखवायची होती. चोवीस तारखेला संध्याकाळी आवृत्ती दहावी निघाली. तिच्यात एकच दुरुस्ती होती. 'प्रत्यक्ष भेट: लागू नाही.' दिपालीला सुट्टी वाचल्याचा आनंद झाला, सृष्टीचा क्लास बुडाला नाही, कोंडीरामला आपण कुठं जाणार होतो हेच ठाऊक नव्हतं. चार जणांपैकी चार समाधानी, म्हणजे शंभर टक्के. परिशिष्टांचं मत घेत नाहीत.

पंचवीस तारखेला सकाळी सहाला ठकुबाई अंगणातल्या दगडावर बसली होती. शेजारी पिशवी. ती भरलेली होती, कारण रिकामी करायला हात उचलला नव्हता. खोली नंबर चारचा ज्ञानदेव आपला छोटा टेम्पो सुरू करत होता. पन्नाशीला टेकलेला वेल्डर, चंदगडकडचा. टेम्पोत एक लोखंडी कपाट बांधलेलं.

"आज्जी, पिशवी घिऊन कुठं चाललाईसा?"

"कुठं न्हाई. ऊन खाती."

"ऊन अजून यायचंय की." ज्ञानदेवनं काच पुसली. "मी बहिणीकडं चाललोय, दांडेलीला. कपाट पोचवायचंय. फुडं शीट मोकळंच हाय. येतासा काय?"

सहा महिने, एकोणीस बैठका, दहा आवृत्त्या. यांत हा प्रश्न कुठंही आलेला नव्हता. पद्धतीप्रमाणे ठकुबाईनं दहा वेळा नाही म्हणायचं होतं. ती एकदा म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत हा गियर टाकेल, अशी तिला धास्ती वाटली.

"म्हाताऱ्याला मागं टाकशील का?" ती उठत म्हणाली. "हितं ठिवला तर उपाशी मरंल."

कोंडीरामला गादीसकट कपाटाशेजारी ठेवण्यात आलं. आपण निघालो आहोत हे त्याला साताऱ्याच्या पुढं कळलं.

काळ्या नदीवर काय झालं याचा अहवाल उपलब्ध नाही, कारण तिथं कुणी तो ठेवला नाही. ज्ञानदेवनं पुढं सांगितलं ते एवढंच. सकाळी तिघं नदीकाठच्या दगडांवर दशम्या खात बसले होते. अंगावर जाकीट नाही, कानात बोळे नाहीत. वरच्या उंबरावर एक मोठा पक्षी येऊन बसला, काळा-पांढरा, चोचीवर चोच ठेवल्यासारखा. त्यानं एक उंबर तोडलं, वर उडवलं आणि झेललं. मग दुसरं. मग तिसरं. मागून त्याची मादी आली, तेव्हा तिच्या पंखांनी हवा अशी वाजली, जसं कुणी जाड लुगडं झटकलं.

कोंडीराम बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा आपण होऊन बोलला. "आयला, केवढं पाखरू!"

"गप बसा वं," ठकुबाई हलक्या आवाजात म्हणाली. "पंख वाजत्यात. ऐकू द्या."

त्यानंतर तास-दीड तास ती बोलली नाही. घड्याळ कुणी लावलं नव्हतं.

चौथ्या दिवशी टेम्पो कुरुळीत आला. घरात आवृत्ती अकरावी तयार होत होती. तीन दिवसांत योजना कंपनीच्या मोबाईलवरच्या गटावरून दुसऱ्या गटांवर गेली होती. दिघी, भोसरी, तळेगाव, सगळीकडे. एकूण दोनशे चौदा लोकांनी ती उतरवून घेतली होती. कुणी टाळ्या पाठवल्या होत्या, कुणी नमस्कार, आणि निम्म्यांनी 'अप्रतिम माहिती, पुढच्या वर्षी नक्की जाणार' असं लिहिलं होतं. गेलेल्यांची संख्या शून्य होती. म्हणजे तक्रारींचीही शून्य. (आपणही इथवर वाचताना मनातल्या मनात कुठली सुट्टी जुळते ते पाहिलं असेल, आणि दांडेली आपल्या घरापासून किती लांब ते मोबाईलवर काढून तो खाली ठेवला असेल. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपला आकडा वरच्या बेरजेत धरला आहे.)

रविराज आईसमोर कागद आणि पेन घेऊन बसला. गळ्यात दुर्बीण होती.

"आई, तू प्रोसेस न पाळता गेलीस, ते राहू दे. आता एवढं भरून घेऊ. प्रजाती किती दिसल्या? पक्षी अंदाजे किती मीटरवर होता? त्याला किती मिनिटं बघितलं? हे मिळालं की आवृत्ती पूर्ण होईल. दोनशे चौदा लोक वाट बघतायत. नुसती वाचूनच जाऊन आल्यासारखं वाटलं, म्हणतात सगळे."

ठकुबाईनं पिशवीतली लुगडी काढली, झटकली, दोरीवर टाकली. मग पदर खोचून त्याच्यासमोर उभी राहिली.

"रव्या, ज्वारीत आमी बुजगावणं उभं करायचो. सदरा बापाचा, डोक्यावर मडकं, मडक्याला चुन्याचं डोळं. लांबनं वाटायचं, काय झ्याक निरखून बघतोय गडी. पैल्या दिशी पाखरं भ्यायची. दुसऱ्या दिशी त्यांला कळायचं, ह्यो नुसता उभा हाय, ह्याच्यानं काय जागचं हलवत न्हाई. मग ती बिनघोर त्याच्याच डोक्यावर बसायची, तितंच हागायची. तवा तू, तुझं ते दोनशे चौदा, आन् आनखी जो कोन हे वाचून 'फुडच्या वर्षी नक्की' म्हनत बसला आसंल, त्या समद्यांला सांग. तुमी पाखरं बघाय कुठं जाऊ नगा. हाय तितंच बसा. पाखरं येत्याल."